‘नको’च्या चित्राखालचा ‘हो’

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

ह्यांचं तोंड आज सरूवन्संनी नारळाने फोडलं.

तोंड म्हणजे टॅबलेट. वन्संच्या मते दोन्ही एकच. परंदवडीहून सकाळीच आल्या. भावाला पाटावर बसवणं आता शक्य नाही, म्हणून चाकांच्या खुर्चीसमोर पाट मांडला आणि म्हणाल्या, त्याच्यावर ते ठेव. मी म्हटलं, वन्सं, यंत्र आहे ते. ‘आसू दे की! आमच्या मारुतीचं त्वांड हाय आता त्ये. त्येला नगं ओवाळाया?’ कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. मग काचेवर नारळ ठेवला — उभा! नारळ गडगडला आणि टॅबलेटला सोबत घेऊन फरशीवर गेला. नारळ शाबूत आहे.

‘म्या काय मुद्दाम केलं व्हय!’ तासभर हेच चाललं होतं. शेवटी मीच त्यांची समजूत काढली, लाडू भरवला. हे हसत होते. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसत होते. ‘व्हय, व्हय’ म्हणाले.

व्हय एवढंच उरलंय. फेब्रुवारीत झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. तळेगावच्या थेरपीच्या मॅडम म्हणतात, शब्दांचं कपाट आहे तसंच आहे, फक्त किल्ली हरवली. एक शब्द बाहेर राहिला तेवढाच. चहा हवा? व्हय. नको? व्हय. तुम्ही देशाचे पंतप्रधान का? व्हय.

लग्न झाल्यापासून मी ‘व्हय नाही हो, होय म्हणा’ म्हणून ह्यांच्या मागे लागले होते. कॉन्व्हेंटच्या मुलीचा हट्ट! देवाने सगळा शब्दकोश काढून घेतला आणि नेमका तोच एक शब्द ठेवला. माझी चेष्टा करायला एवढी यातायात कशाला करायची?

५ नोव्हेंबर, मंगळवार

टॅबलेटशिवाय घर फार शांत आहे. संदेशला फोन केला. संदेश म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, हिंजवडीत पिझ्झे मागवायची मोबाइलची ॲप बनवतो. ह्यांचं ॲपही त्यानेच बनवलं, उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी इथे जेवून.

अशी ॲप तयार मिळतात. पण त्यांत जेवण म्हणजे बर्गर, आणि झोप म्हणजे पिवळ्या केसांचा एक गोरा माणूस डोळे मिटून. ह्यांनी त्या माणसाकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हा कोण घरात आलाय झोपायला? तेव्हा चित्रं मीच काढली. पिठलं-भाकरी. इंद्रायणीचा भात, वर वाफ. गोधडी. रेडिओ. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो, आणि तो माझ्या आवाजात. वन्संनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, ‘मंजी पयल्यासारकंच! तवा बी त्याच्या वाटचं तूच बोलायचीस की गं मडम.’

मडम म्हणजे मी. चाळीस वर्षं झाली, अजून मडमच.

ॲपच्या शेवटच्या पानावर दोनच चित्रं आहेत, मोठी. डावीकडे नको — आडवा हात. उजवीकडे हो — अंगठा. आपण प्रश्न विचारायचा, ह्यांनी डाव्या हाताने उत्तर द्यायचं. नको आधी ठेवायला मीच सांगितलं. ह्या घरात तेच जास्त लागतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

प्रेरणाने बंगलोरहून नवा फोन पाठवला. लेकीचं प्रेम. ‘आई, बाबांसाठी सगळ्यात चांगला स्क्रीन घेतलाय. इतका शार्प की डोळ्यांना त्रासच नाही!’ खोक्यातून काढताना मी हात धुऊन घेतले.

संदेशने लांबूनच ॲप त्यात घातलं. उघडलं. वरच्या कोपऱ्यात काहीतरी गोळा झालेलं दिसलं. मला वाटलं मुंग्या. चष्मा पुसून बघितलं, तर ती माझी चित्रं! पिठलं-भाकरी, गोधडी, रेडिओ, सगळा संसार एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, आणि बाकी पडदा रिकामा. ह्यांचं एक बोट ठेवलं की चार चित्रं झाकली जातात. ‘भात’ म्हणायला गेले, ‘संडास’ म्हणाले. माझ्या आवाजात.

संदेशला फोन केला. ‘काकू, माझ्याकडे बरोबर दिसतंय.’

मी म्हटलं, मग काकांना तुझ्याकडेच पाठवते.

१० नोव्हेंबर, रविवार

संदेश आला. मोटारसायकलवरून, थंडीने लाल नाक घेऊन. एवढासा होता तेव्हा घोरावाडी स्टेशनवर ह्यांच्या खांद्यावर बसून गाडीला टाटा करायचा. ह्यांनी गार्डच्या डब्यातून कधी त्याच्यासाठी हिरवं निशाण हलवलं की आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. आता त्याला दाढी आहे आणि मत आहे.

मी म्हटलं, एवढा भारी फोन, मग चित्रं मेली का? तर म्हणाला, भारी आहे म्हणूनच! मग समजावून सांगितलं. पडदा म्हणजे नुसते ठिपके. जुन्या टॅबलेटचे ठिपके मोठे आणि विरळ, ह्या फोनचे बारीक आणि दाट. त्याने चित्राचं माप ठिपक्यांत लिहिलंय, इतके ठिपके रुंद, इतके उंच. तेवढेच ठिपके तिकडे लाडवाएवढे होतात, इकडे फुटाण्याएवढे.

मला एकदम शिवणाचा तास आठवला. सिस्टर ॲग्नेस क्रॉस-स्टिचसाठी मॅटीचं कापड द्यायच्या. नमुना एकच — गुलाब, टाके मोजून. मी एक जाड मॅटीवर काढला, बशीएवढा झाला. तोच गुलाब, तेवढेच टाके, बारीक मॅटीवर काढला तर शर्टाच्या गुंडीएवढा! मी रडायला लागले. सिस्टरच्या हाताला कायम साबणाचा वास यायचा. तो हात डोक्यावर ठेवून म्हणाल्या, टाके मोजण्याआधी कापड बघ, बाळ.

संदेशला सांगितलं. ‘काकू, अगदी हेच!’

मग हे तुम्हाला शिकवत नाहीत का?

‘पहिल्याच महिन्यात शिकवतात. ठिपके मोजायचेच नाहीत. बोटाला पुरेल असं माप द्यायचं. मग प्रत्येक पडदा आपापल्या दाटीप्रमाणे ठिपके लावून घेतो.’

मग?

‘कंपनीत तसंच करतो हो. हे म्हणजे... घरचं होतं.’

घरचं! लोकांचे पिझ्झे वेळेवर पोचले पाहिजेत. काका काय, घरचेच.

दोन वाट्या आमटी पिऊन म्हणाला, बसल्या बसल्या करून टाकतो. आणि केलंही! चित्रं मोठी झाली, पानभर झाली. फक्त पिठलं-भाकरी चिखलात पडल्यासारखी दिसायला लागली. लहान चित्र ओढून मोठं केलं की असं होतं म्हणे, विरळ ठिपके ताणले जातात. ‘मूळ चित्रं मोठी स्कॅन करून पाठवा ना काकू. मी चार-पाच मापांत करून ठेवतो. फोन त्याला हवं ते उचलेल.’ एका भाकरीची पाच मापं. वाढत्या अंगाच्या पोरांना शिवतात तसं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बाजारात झेरॉक्सवाल्याकडे चित्रं स्कॅन करायला गेले. त्याने एकेक उचलून निरखून बघितलं. ‘मावशी, शाळेचा प्रोजेक्ट का? नातवाचा?’

म्हटलं, नवऱ्याचा.

त्याने चित्रं कडा जुळवून रचली. मग म्हणाला, ‘ह्या पिठल्याला लॅमिनेशन करून देऊ?’

१७ नोव्हेंबर, रविवार

चित्रं लख्ख आली. भाताची वाफसुद्धा दिसते. फोन खरंच सुरेख आहे, कबूल केलं पाहिजे. मी गोधडीला घातलेले टाके मोजता येतात.

आणि चमत्कार! हे हो म्हणायला लागलेत. आंघोळ? हो. दूध? हो. व्यायाम? हो. आज जेवायला दुधीची भाजी होती. संसारात ह्या माणसाने एकदाही दुधी खाल्ला नाही. त्याला ‘आजाऱ्याचा घास’ म्हणायचे. सहज विचारलं, दुधी वाढू का? फोन म्हणाला, हो. वाढला. खाल्ला — तोंड वाकडं करून. पण तोंड तर आता वाकडंच असतं.

आजारपणाने माणूस सुधारतो म्हणतात ते खोटं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्रेरणाचा व्हिडिओ कॉल. रविवारी ह्यांना दाढी करून हवी असते. बाकी सहा दिवस मान फिरवतात. तिने आज इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, ‘बाबा, मी स्पष्ट विचारते. बंगलोरला याल? आमच्याकडे. कायमचे. लिफ्ट आहे, खालीच फिजिओ आहे. इथे आई एकटी किती करणार?’

वन्संही होत्या. मी फोन ह्यांच्यापुढे धरला. बोट कुठे टेकलं ते नीट बघितलं नाही. मी प्रेरणाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

‘हो.’

माझा आवाज. मीच खणखणीत हो म्हणाले, बंगलोरला, कायमची.

प्रेरणा रडली. जावई मागून डोकावून हात हलवून गेले. जानेवारीअखेर न्यायला येईन म्हणाली. घर बंद करायचं, पुढे बघू. दहा मिनिटांत सगळं ठरलं. मुलीचं लग्न ठरवायला आम्हाला दोन वर्षं लागली होती.

वन्सं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या, ‘आरं, बंगलोरात भाकरी तरी गावती का?’

‘व्हय,’ हे म्हणाले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मला कुणी विचारलेलं नाही. बरोबरच आहे. माझ्याकडे ॲप नाही.

१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी ह्यांना व्हरांड्यात नेलं. हे लोणावळ्यातलं वलवणचं घर ह्यांनी नोकरीत असताना बांधलं, डोंगराकडे तोंड करून. ड्यूटी संपवून आले की इथे उभ्याने चहा. मी म्हणायचे, बसा तरी. म्हणायचे, ‘घाट चढून आल्यावर मानूस डोंगराला पाठ करून बसतंय व्हय?’ त्या वेळी शेजारी नुसतं गवत होतं. आता पर्यटकांना भाड्याने द्यायचा बंगला आहे, निळ्या पाण्याचा तलाव आणि शनिवारी स्पीकर.

तरी डोंगर तोच आहे. मी खुर्ची नीट वळवून दिली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. ऊन लागत असेल.

मी बंगलोरबद्दल एक शब्द काढला नाही. काढायचा हक्क नाही, ह्यांनी स्वतःच्या बोटाने सांगितलंय. फक्त मनात येत राहिलं, हा माणूस गार्ड असताना पुण्याला बदली नको म्हणून वरच्या साहेबाशी भांडला होता. लोणावळ्याच्या पुढे ह्याचं मन कधी गेलं नाही. आणि आता एका बोटात बंगलोर?

५ डिसेंबर, गुरुवार

दुधी! दुधीनेच सांगितलं!

दुपारी परत केला होता. विचारलं, वाढू? फोन म्हणाला, हो. वाढला. ह्यांनी ताट सरकवलं, जोरात. मी पुन्हा फोन पुढे केला. नको की हो? बोट टेकलं, आणि ह्या वेळी मी बघितलं! नकोच्या चित्रावर होतं. आडव्या हाताच्या मनगटावर. आणि फोन म्हणाला, ‘हो.’

मी स्वतः दाबून बघितलं. नकोच्या डाव्या कडेला — नको. मधोमध — हो. उजवीकडे — हो! नकोचं चित्र जवळजवळ अर्धं हो म्हणतंय!

म्हणजे तीन आठवडे हा बिचारा नको नको म्हणून दाबतोय, आणि मी माझ्याच आवाजातला हो ऐकून दुधावर दूध पाजतेय. आणि व्यायाम. आणि बंगलोर!

गुडघे बरे असते तर नाचले असते. दुधीचं उरलेलं शेजारच्या बंगल्याच्या राखणदाराला दिलं.

८ डिसेंबर, रविवार

संदेशला समोर बसवून दाखवलं. आधी म्हणाला, ‘माझ्याकडे—’ मी नुसतं बघितलं. त्याने लॅपटॉप उघडला. मग कान लाल झाले. दाढी असली तरी कान तेच आहेत.

झालं ते असं. त्या दिवशी आमटी पीत पीत त्याने वरची चित्रं मोठी केली. पण चित्राखाली कळ असते, बोट खरं तिच्यावर पडतं. शेवटच्या पानावर ती कळ जुन्या टॅबलेटच्या ठिपक्यांतच राहिली. चित्रं मोठ्या अंगरख्यात आणि कळा झबल्यात! टॅबलेटवर नको जिथे संपायचं तिथे ह्या फोनवर नकोचं अजून मनगट चाललेलं असतं. त्यापुढे हो. शिवाय काकांचं बोट थरथरतं म्हणून, बोट कशावरच नसेल तर जवळची कळ धरायची अशी सोय केलेली. म्हणजे उरलेला सगळा रिकामा पडदाही हो.

सोय!

‘सॉरी, काकू. खरंच सॉरी. मी चित्रांच्या पानांवर तपासलं होतं. हे शेवटचं पान... दोनच तर चित्रं होती.’

रागवायचं फार ठरवलं होतं. पण ह्यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मी आमटी गरम करायला गेले.

प्रेरणाला कळवलं. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, ‘ठीक आहे. ते उत्तर धरायचं नाही. मी नाताळच्या सुट्टीत येते, समोर बसून विचारू. पण आई, खरंच विचारायचं हं. तू आधीच उत्तर सांगायचं नाहीस.’

मी? मी कधी सांगते?

१५ डिसेंबर, रविवार

संदेशच्या कंपनीचं नवं ॲप बाहेर पडायचंय, त्यामुळे ह्यांच्या ॲपचं बाहेर पडणं लांबलंय. ‘ह्या वेळी नीट करतोय, काकू. सगळी मापं पुन्हा लिहितोय.’ लिही बाबा. मी शांत आहे. मला उत्तर माहीत आहे.

बांधाबांध थांबवली. कुंड्या राखणदाराला देऊन टाकल्या होत्या, त्या परत मागून आणल्या. वन्संना फोनवर सांगितलं, वन्सं, तुमचा भाऊ कुठे जात नाही. ‘आसं त्यो म्हनला का तू?’ म्हटलं, ॲपमध्ये चूक होती. ‘आगं मडम, म्या इचारलं येक, तू सांगती येक.’

२१ डिसेंबर, शनिवार

नवं ॲप आलं. ह्या वेळी मी तपासणार होते, सिस्टर ॲग्नेस टाक्यांची मागची बाजू उलटून बघायच्या तसं. आमच्या फोनवर बघितलं. वन्सं आल्या होत्या, त्यांच्या जुन्या फोनवर बघितलं — त्याचा पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा, त्यावर हळदीचं बोट. बरोबर. पण संदेश म्हणाला होता, जितके वेगवेगळे पडदे तितकं चांगलं. आता मी पडदे कुठून आणू?

शेजारच्या बंगल्यात स्पीकर सुरू झाला आणि उत्तर मिळालं. गेले. आठ-दहा मुलंमुली तलावात पाय सोडून बसलेली. मला बघताच एकाने आवाज बंद केला. ‘सॉरी आंटी, कम करते हैं।’ म्हटलं, गाणं राहू दे, फोन काढा.

सगळ्यांनी काढले. काय एकेक पडदे! ‘आंटी, गेम आहे का?’ मराठी होती निम्मी. सांगितलं काय आहे ते. मग मात्र सगळ्यांनी संदेशने पाठवलेल्या लिंकवरून ॲप घेतलं आणि वाकून बसली. मी विचारायचं, त्यांनी दाबायचं. अभ्यास हवा? नको! नको! नको! सगळ्या फोनांतून माझाच आवाज, दहा वेळा. एक मुलगी आपली मधे मधे कडेला दाबून बघत होती, म्हणे मी टेस्टिंगमध्येच आहे. ‘काकू, बरोबर आहे. कुठेही दाबा, जे दिसतं तेच बोलतं.’

घरी येऊन ह्यांना विचारलं, दुधी खाणार?

‘नको.’

लख्ख नको. इतका सुंदर नको मी आयुष्यात ऐकला नव्हता.

२८ डिसेंबर, शनिवार

प्रेरणा आली. संदेशलाही बोलावलं होतं. वन्सं आपल्या आपणच आल्या. ह्यांची दाढी केली, निळा स्वेटर घातला. मी स्वयंपाकघरात थांबणार होते, मग नाही थांबले.

प्रेरणाने आधी साधे प्रश्न विचारले. बाबा, शाल हवी? नको. रेडिओ लावू? हो. सगळं पटापट, बरोबर. मग खाली बसून, ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, ‘बंगलोरला याल? मनापासून सांगा. नको म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही.’

ह्या वेळी मी बोटाकडेच बघत होते. नकोवरून पुढे गेलं. अंगठ्यावर टेकलं.

‘हो.’

प्रेरणाने माझ्याकडे बघितलं. मीच बोलले. म्हटलं, हे काही खरं नाही. गेला महिनाभर त्याच बाजूला सगळ्याचा हो लागतोय, हात सवयीने तिकडे जातो. प्रेरणा म्हणाली, आई. म्हटलं, रेडिओचा हो आत्ताच झाला, बोट तिथेच होतं. संदेश खाली बघत होता. वन्संनी पदराने तोंड पुसलं. ‘दोन येळा झालं गं. किती डाव इचारशील त्येला?’

म्हटलं, एकदाच. जागा बदलून दे, संदेश. हो डावीकडे घे, नको उजवीकडे. मग बघू.

‘काकू, उद्या देतो.’

हे माझ्याकडे बघत होते. मी चहा टाकायला गेले.

२९ डिसेंबर, रविवार

जागा बदलल्या. आज मीच विचारलं. बाकी सगळ्यांना बाहेर पाठवलं.

ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. बोट उजवीकडे गेलं, थांबलं. चित्र बघितलं. मग सावकाश डावीकडे आणलं आणि अंगठ्याच्या अगदी मधोमध ठेवलं. उचललंच नाही.

ॲपमध्ये आता काही चूक नाही.